पत्र्याखालचा बोळ

माझी मावशी जन्मात कधी विमानात बसली नाही, तरी सगळी गल्ली तिला विमानमावशी म्हणायची. विमान राहिलं दूर, बल्ब बदलायला स्टुलावर चढली तरी तिला गरगरायचं. तिच्या खोलीतले पडदे माझी आई जाऊन लावून द्यायची. आई स्टुलावर, मावशी खाली भिंत धरून उभी, आणि तिथून तिचे शेरे चालू. "डावीकडे खाली आलाय. अजून. आता फार वर गेला." आई वैतागायची. "मग ये ना वर, लाव तूच!" मावशीचं उत्तर ठरलेलं होतं. "मला खालूनच सगळं वरून दिसतं."

थट्टा सोडली तर ते खरं होतं. मावशी नकाशा कचेरीत कामाला होती. विमान शहरावरून एका सरळ पट्ट्यात जायचं, टोकाला वळायचं, शेजारच्या पट्ट्यातून परत यायचं, शेत नांगरतात तसं. त्याच्या पोटातला कॅमेरा थोड्या थोड्या अंतरानं खालचे फोटो घेत जायचा. त्यामुळे प्रत्येक घराचे किमान दोन फोटो यायचे, दोन वेगळ्या जागांवरून घेतलेले. हे फोटो मावशीच्या टेबलावर येत. तिच्या यंत्राला दोन भिंगं होती. डाव्या डोळ्यापुढे एक फोटो, उजव्यापुढे दुसरा. आधी नुसतं करडं काहीतरी दिसायचं. मग डोळे जरा सैल सोडले की घरं एकदम उठून उभी राहायची. मी शाळेत असताना एकदा तिनं मला दाखवलं होतं. पाण्याची टाकी डोळ्यात घुसतेय असं वाटून मी मान मागे घेतली आणि सगळा हॉल हसला.

त्या उभ्या राहिलेल्या शहरात प्रकाशाचा एक बारीक ठिपका असायचा. मावशी दोन हातांनी दोन चाकं फिरवत तो ठिपका छपरांच्या कडेकडेनं नेत राही आणि यंत्राला जोडलेली पेन्सिल शेजारच्या कागदावर तीच कड काढत जाई. असं तिनं अख्खं आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारणाऱ्यांना ती म्हणायची, "माझे डोळे कामाला लागतात, डोळे वटारायला उरत नाहीत." हे साफ खोटं होतं. डोळे वटारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिचा कामाचा नियम एकच. दिसतं तेच काढायचं, माहीत आहे ते काढायचं नाही. झाडाखाली, सावलीत, छपराखाली काही झाकलं गेलं असेल तर तिथे तुटक रेघ मारायची आणि बाजूला लाल पेन्सिलनं खूण करायची. लाल खूण म्हणजे कुणीतरी पायी जा, टेप लावा, डोळ्यांनी बघा. पाहणीवाले जायचे, बघून यायचे, मग ती जागा काळ्या रेघेत पक्की व्हायची. हा नियम मावशीच्या हाडात इतका मुरला होता की गप्पांमध्येसुद्धा सुटका नव्हती. आई म्हणाली, "कोपऱ्यावरच्यांची सून भांडून माहेरी गेली म्हणे," की मावशी चहाच्या कपातून डोकं वर न काढता विचारायची, "तू पाहिलंस जाताना?" "नाही, पण..." "मग लाल पेन्सिल." आमच्या घरात 'लाल पेन्सिल' हा वाक्प्रचारच होऊन बसला होता. मी परीक्षेला पेपर सोपा गेला म्हटलं की बाबासुद्धा म्हणायचे, "लाल पेन्सिल."

बाबांबद्दल आणि आमच्या बोळाबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर माझा राग कळायचा नाही.

बाबांचं कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, दोन पंप आणि पाण्याचं घमेलं. तरुणपणी आजारात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. त्यांनी स्वतःच्या हातानं एक तीनचाकी बनवली, हातानं पॅडल मारायची. तिच्यावर बसून ते रोज सकाळी दुकानाला जायचे आणि अंधार पडला की परत यायचे. आमचं घर रस्त्यावर नव्हतं, मागे होतं. पुढच्या घराची भिंत आणि आमची भिंत यांच्यामध्ये एक बोळ होता, रस्त्यापर्यंत जाणारा. रुंदी एवढी की तीनचाकी दोन्ही बाजूंना हातभर जागा सोडून जायची. बाबांनी गाडी बोळ मोजूनच बनवली होती. मागच्या बाजूनंही वाट होती, पण तिथे नाला, आणि नाल्याकडे उतरणाऱ्या उभ्या पायऱ्या. धडधाकट माणूस तिथून जाऊ शकायचा. बाबांना जग गाठायला तो बोळ एवढीच वाट होती.

पुढच्या घरात पत्रेवाला राहायचा. खाली दुकान, वर घर. दुकानात छपराचे पत्रे, पन्हळी, खिळे, कात्र्या. माणूस गोड बोलणारा. एका पावसाळ्याआधी तो आईला म्हणाला, "वहिनी, माझा थोडा माल बोळात भिंतीला लावून ठेवतो. वरून पत्रा टाकतो, म्हणजे माल भिजणार नाही. शिवाय तुम्हीही कोरड्या पायांनी याल-जाल." त्यानं त्याच्या भिंतीपासून आमच्या भिंतीपर्यंत पत्रा टाकला. आम्ही त्याचे आभार मानले. पावसात बाबांची गाडी कोरडी आत यायची आणि आई प्रत्येकाला सांगायची की शेजार मिळावा तर असा. बोट दिलं की मनगट धरणारी माणसं असतात हे आईला माहीत होतं, पण यानं तर आधी आमच्या डोक्यावर छत्री धरली होती. छत्री धरणाऱ्यावर कोण संशय घेतो?

मग शहराचा नवा नकाशा करायचं ठरलं. प्रत्येक घर, प्रत्येक कुंपण, प्रत्येक वाट त्यात यायची होती. विमान आलं, नांगरून गेलं. आमच्या भागाचे फोटो नशिबानं मावशीच्याच टेबलावर आले.

तिनं भिंगांत पाहिलं. पुढचं छप्पर आणि मागचं छप्पर एकमेकांना चिकटलेलं. मधे बोळ नाही. वरून पाहणाऱ्याला ते एकच घर. ज्या बोळातून ती वर्षानुवर्षं आमच्याकडे जेवायला येत होती, तो तिथे नव्हता. तिनं नियमाप्रमाणे केलं. पत्र्यावरून तुटक रेघ मारली, बाजूला लाल खूण केली आणि पुढच्या घराकडे वळली. आम्हाला काही बोललीसुद्धा नाही. बोलण्यासारखं तिला त्यात काही वाटलंच नाही. पाहणीवाले येणार, बघणार, झालं.

पाहणीवाले आलेच नाहीत. नकाशाच्या उद्घाटनाची तारीख मोठ्या साहेबांनी आधीच देऊन टाकली होती. पायी हिंडायला वेळ कुठला? साहेबांनी हुकूम काढला की लाल खुणा आणि त्यांच्याजवळच्या तुटक रेघा गाळून नकाशे छापायला पाठवा. शहरभरातल्या सगळ्या लाल खुणा गाळल्या गेल्या. नकाशा चकचकीत छापून आला. साहेबांच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाले, भाषणं झाली. 'आकाशातून पाहिलेलं सत्य' असं काहीतरी साहेब त्या भाषणात म्हणाले. आठवलं की माझी तळपायाची आग मस्तकाला जाते.

त्यानंतर एका सकाळी बाबा नेहमीसारखे गाडी घेऊन निघाले आणि बोळाच्या तोंडाशी थांबले. तिथे लोखंडी गेट बसलं होतं. पलीकडून कुलूप.

बाबांनी गेट वाजवलं. पत्रेवाला आला. तोच गोड आवाज. "काय आहे मिस्त्री, मला गोदाम वाढवायचंय. परवानगी मिळालीये."

"अहो, पण हा बोळ आहे," बाबा म्हणाले.

"कुठे आहे?" त्यानं गेटच्या गजांतून नकाशाची घडी आत दिली. "नकाशात दाखवा ना मला. मी काय कुणाचं घेतोय का? आणि हे बघा, खाली सही कुणाची आहे. तुमच्याच मेहुणीची."

कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, नकाशा कुणी काढला. मावशीच्या नावाची अक्षरं. चोर तो चोर आणि वर पुरावाही आमच्याच घरचा.

त्या दिवशी आईनं नाल्याच्या पायऱ्या कशा ओलांडल्या आणि मावशीच्या खोलीवर कशी पोहोचली देव जाणे. मी तिच्या मागे पळत होते. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होती. आईनं नकाशा तिच्या अंगावर फेकला.

"हे तू काढलंस?"

मावशीनं नकाशा उघडला, बघितला. तिनं आमच्या छपरावर बोट ठेवलं. "माझी लाल खूण कुठे गेली?"

"खूण गेली खड्ड्यात! बोळ कुठे आहे?"

"ताई, पत्रा होता वर. बोळ दिसत नव्हता."

"तुला माहीत होतं ना पण? मागल्याच आठवड्यात आली होतीस त्यातून!"

"माहीत होतं," मावशी म्हणाली. "दिसत नव्हतं."

आईनं तिच्याकडे असं पाहिलं की मीच भिंतीला टेकले. "सगळ्या शहराची घरं दिसली, बहिणीचं दार दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आजपासून तू मला दिसत नाहीस, समजलं? माहीत आहेस, पण दिसत नाहीस." आणि ती निघून आली. माझी आई फार शिकलेली नाही, पण बोलण्यात तिला तोड नाही. मावशीला तिच्याच नियमानं असं कापलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी साहेबांकडे गेली. मी सोबत गेले, कारण आईचा हुकूम होता की ती खरंच बोलते का बघून ये. साहेबांची केबिन, काचेखाली उद्घाटनाचा फोटो. मावशी उभ्यानंच बोलली. खुर्ची दिली तर नको म्हणाली.

"माझी खूण कुणाला विचारून काढली?"

"सगळ्यांच्याच काढल्या, बाई. वेळ नव्हता."

"मग सही तरी काढायची होती. मी जे काढलं ते हे नाही."

"अहो, एवढ्या मोठ्या शहराचा नकाशा झाला. चार बोळ इकडेतिकडे होणारच."

"साहेब, त्या बोळातून माझे भावोजी जातात. त्यांना पाय नाहीत."

साहेब जरा वरमले. माणूस दुष्ट नव्हता, आळशी होता. माझ्या मते आळशी माणूस दुष्टापेक्षा वाईट, कारण दुष्टाला निदान काहीतरी करावं लागतं. त्यांनी दार लावून घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "हे बघा, मूळ कागद आपल्याच कपाटात आहे. तुम्ही घ्या, दोन रेघा मारा, बोळ काढा. मी दुरुस्ती म्हणून सही करतो. दहा मिनिटांचं काम. कुणाला कळणारही नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी मावशीकडे पाहिलं. दोन रेघा! तिच्या हातांनी आयुष्यभरात लाखो मारल्या असतील.

"पाहणीवाले पाठवा," मावशी म्हणाली.

"ती तुकडी आता राहिली नाही, बाई. त्यांना दुसरीकडे लावलं."

"मग नाही जमणार. मी फोटोत पाहिल्याशिवाय रेघ मारत नाही. कुणी पायी जाऊन बघितल्याशिवायही नाही."

"पण तुम्हाला माहीत आहे ना बोळ आहे म्हणून!"

"मला पुष्कळ माहीत आहे. आज माझ्या बहिणीचा बोळ माहितीवरून काढला, तर उद्या पत्रेवाल्याचा भाऊ येईल. त्यालाही काहीतरी माहीत असेल. मग तुम्ही त्यालाही म्हणाल, दोन रेघा मारा." आणि ती बाहेर पडली.

जिन्यात मी तिच्यावर ओरडले. माणसं वळून बघत होती, मला पर्वा नव्हती. मी म्हटलं, "मावशी, तुझा नियम घाल चुलीत. बाबा घरात कोंडलेत!" तिनं कठड्याला घट्ट धरलं होतं, जिना उतरताना ती नेहमीच धरायची. तिनं एवढंच विचारलं, "पोरी, मी एकदा खोटी रेघ मारली तर माझ्या बाकीच्या रेघांचं काय?" त्यानं मला आणखीनच संताप आला. माझ्या बापाच्या रोजच्या वाटेपेक्षा हिला स्वतःच्या रेघा मोठ्या! हे मी घरी येऊन आईला सांगितलं. आईनं मावशीचा चहाचा कप फडताळाच्या वरच्या फळीवर, मागे सरकवून ठेवला.

पुढचे महिने मी विसरणार नाही. पोलीस आले, त्यांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, यात वाट नाही. वॉर्ड कचेरीवाले म्हणाले, नकाशा बदलून आणा, मग बघू. नकाशा बदलायचा तर नवीन उड्डाण हवं, आणि नवीन उड्डाण कधी, तर होईल तेव्हा. पाच पावलांवर उभा राहून माणूस बोळ दाखवतोय आणि समोरचा कागदात बघून नाही म्हणतोय. याला काय म्हणायचं?

सुरुवातीला आई आणि मी बाबांना पाठुंगळी घेऊन नाल्याच्या पायऱ्या उतरवत होतो. एक दिवस अर्ध्या वाटेत बाबा म्हणाले, "बास. मी सामान नाही." त्यानंतर ते गेले नाहीत. टपरी बंद राहिली. कुणीतरी पंप पळवले. बाबा मात्र रोज सकाळी उठून तीनचाकीच्या साखळीला तेल घालायचे, चाक उचलून फिरवून बघायचे, ब्रेक तपासायचे. मग गाडी बोळात गेटपर्यंत नेऊन परत आणायचे. वर पत्रा, समोर कुलूप. मी एकदा म्हटलं, "बाबा, कशाला?" ते म्हणाले, "गंज लागतो."

मावशीला तेव्हा मी कधीच माफ करणार नाही असं ठरवलं होतं. ती रस्त्यात दिसली की मी पलीकडे जायचे.

शेवटी विमान हललं, पण आमच्यासाठी नाही. शहरातल्या एका बड्या असामीच्या बंगल्याचं फाटक मोठ्या झाडाखाली होतं. तेही नकाशातून गेलं होतं, आणि शेजाऱ्यानं तिथे मोटारी लावायला सुरुवात केली होती. बोळ गेले, नळ गेले, जिने गेले, तेव्हा सगळे ढिम्म. एक फाटक गेलं आणि लगेच ठरलं की नकाशात त्रुटी आहेत, पुन्हा उड्डाण करू. साहेबांनी पुन्हा भाषण केलं. आता हाराची जागा शालीनं घेतली होती.

उड्डाणाच्या दिवशी सकाळी मागच्या दारावर थाप पडली. मावशी. नाल्याच्या पायऱ्या ती चढून आली नव्हती, बसून एकेक पायरी मागे सरकत आली होती. कपड्यांना सगळा चिखल. हातात नवीकोरी पत्रा कापायची कात्री.

आईनं दार उघडलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

"शिडी आहे?" मावशीनं विचारलं.

"ती कात्री कुठली?" मी विचारलं.

"पुढच्याच दुकानातली. त्यानं स्वतः धार दाखवून दिली. म्हणाला, ताई, तुमच्यासाठी कमी लावतो." मावशी हसली नाही, पण बाबा हसले. कितीतरी दिवसांनी.

मग तिनं समजावलं. आज विमान येणार, सूर्य डोक्यावर आल्यावर. तेव्हा सावल्या लहान असतात आणि अरुंद बोळाच्या तळापर्यंत उजेड पोहोचतो. पत्रेवाल्याला ती पत्रा मागे घे म्हणून दोनदा सांगून आली होती. तो म्हणाला होता, माल भिजेल. "आता तो भिजो नाहीतर बुडो," मावशी म्हणाली. "मी नसलेलं काढणार नाही. पण असलेलं दिसायला काय हरकत आहे?"

"मी चढते," मी म्हटलं. "तुला गरगरतं."

"ती रेघ माझी होती. मीच चढणार."

बोळात शिडी लागली, आमच्या भिंतीला. मावशीनं पहिल्या दांडीवर पाय ठेवला आणि शिडीला मिठी मारली. ती तशीच उभी राहिली, डोळे मिटून. तेव्हा आई स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. "चढ," ती म्हणाली. "खाली बघू नकोस." एवढ्या महिन्यांत ती मावशीशी बोलली, ते हे पहिले शब्द.

मावशी चढली. आमच्या छपरावर पोटावर सरपटत कडेपर्यंत गेली आणि पत्र्यावर अर्धं अंग टाकून पत्रेवाल्याच्या बाजूनं तिनं कात्री चालवली. पत्र्याचा आवाज असा की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. एक पट्टा खण्णकन खाली पडला. बोळात उजेडाची चिरी आली. मग दुसरा पट्टा. बाबा तीनचाकीवर बसून पडलेले तुकडे ओढून बाजूला करत होते, मी दुसऱ्या टोकाला.

पत्रेवाला गेटाशी धावत आला. गोड आवाज कुठल्या कुठे. "ए बाई! माझा पत्रा कापतेस? पोलिसांना बोलावतो!"

"बोलवा!" मावशी वरून ओरडली. "पण त्यांना बोळातूनच यावं लागेल. गेट उघडून ठेवा!"

"कसला बोळ? नकाशात बोळ आहे का?"

"नाही ना? म्हणून तर वर आलेय!"

गल्ली गोळा झाली होती. कुणीतरी टाळी वाजवली. पत्रेवाला म्हणाला, "कापता तरी येतंय का? वाकडं कापलंय सगळं!" आई शिडी न सोडता म्हणाली, "मग तू ये वर आणि सरळ कापून दे." पडद्यांच्या वेळचंच वाक्य. वरून मला मावशीचं हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ते हसू असावं. पाहिलं नाही, म्हणून लाल पेन्सिल.

शेवटचा पट्टा पडतोय तेवढ्यात विमानाची घरघर आली. सगळ्यांनी माना वर केल्या. ते एकदा गेलं, वळलं, शेजारच्या पट्ट्यातून परत आलं. मावशी छपराच्या कडेला बसली होती, दोन्ही हातांनी कौल धरून, डोळे घट्ट मिटून. तिला खाली उतरता येत नव्हतं. विमान पूर्ण निघून जाईपर्यंत ती तशीच बसून राहिली आणि नंतरही पुष्कळ वेळ. खाली बोळात उजेड होता. बाबा मान मागे टाकून त्या आकाशाच्या पट्टीकडे बघत होते.

या वेळी आमच्या भागाचे फोटो मावशीनं स्वतः नाकारले. म्हणाली, माझ्या बहिणीचं घर आहे त्यात, दुसऱ्या कुणाला द्या. ते एका नव्या मुलीकडे गेले. तिनं काम करता करता मावशीला हाक मारली. "बाई, जरा बघता? इथे छपराच्या कडेला काहीतरी आहे. टाकी म्हणावं तर फार लहान. काय काढू?"

मावशीनं भिंगांना डोळे लावले. दोन छपरं वेगळी उभी होती आणि मधे खोल, स्वच्छ, तळापर्यंत उजळलेला बोळ. तळाशी तीनचाकी. वर कडेला एक गोळा, त्याची इवलीशी सावली.

"काही काढू नकोस," ती म्हणाली. "माणूस आहे. माणसं काढत नाहीत."

नकाशात बोळ आला. गेट निघालं. ते काढताना पत्रेवाला म्हणाला की मी तर केव्हापासून म्हणत होतो, मिस्त्रींची अडचण होतेय. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेबांना बढती मिळाली. मावशीच्या नोकरीच्या कागदांवर मात्र 'परक्याच्या मालमत्तेचे नुकसान' असा शेरा बसला आणि तो शेवटपर्यंत राहिला. निवृत्तीच्या वेळी तिला शाल तर सोडाच, चहासुद्धा कुणी विचारला नाही. माझा राग गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

आता मावशीचा एक डोळा गेलाय. दोन डोळे नसले की उंची दिसत नाही. ती म्हणते, सगळं जग आता छापल्यासारखं सपाट दिसतं. तिचा कप फडताळाच्या खालच्या फळीवर असतो. संध्याकाळी ती बाबांच्या टपरीवर जाऊन बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी भांडते.

टपरीत बाबांनी त्या नकाशाचं पान लावलंय. आमच्या भागात सगळ्या छपरांच्या कडा सरळ आहेत, पट्टीनं मारल्यासारख्या. फक्त पत्रेवाल्याच्या छपराची बोळाकडची कड वेडीवाकडी आहे, कुठे आत, कुठे बाहेर. त्या मुलीनं दिसली तशी काढली. गिऱ्हाईकानं विचारलं की बाबा तेलकट बोट त्या रेघेवर ठेवून म्हणतात, "ही माझी मेहुणी."

मावशी लगेच खेकसते. "भावोजी, बोट काढा. डाग पडला तर दिसायची नाही. आणि पाहणीवाले आता उरले नाहीत."